नाश्तावाल्या बाईंची हजेरी

आमच्या शाळेत एक बाई हजेरी घेताना मुलांना ‘हजर’ म्हणू देत नसत. नाव घेतलं की मुलाने उभं राहायचं आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. ‘चहा-पोळी, बाई.’ ‘टोस्ट, बाई.’ ‘रात्रीचा भात, बाई.’ बाई मान हलवायच्या, हजेरीपटावर खूण करायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. एखादा वाढदिवसाचा शिळा केक सांगायचा, एखादी सांबारवडी सांगून शेजारणीला जळवायची. बाईंची मान मात्र केकाला आणि शिळ्या भाताला सारखीच हलायची. मुलं त्यांना नाश्तावाल्या बाई म्हणत, पालकही तेच म्हणत, आणि शिक्षकांच्या खोलीत त्या नसल्या की आम्हीही तेच म्हणत असू.

सक्करदऱ्याच्या बाजूला आमची प्राथमिक शाळा होती. पहिली ते चौथी, सकाळी साडेसातला घंटा. शाळेतली खिचडी मिळायला साडेदहा वाजायचे. मी तिथे नवा लागलो तेव्हा बाईंच्या नोकरीची शेवटची तीन-चार वर्षं उरली होती. अंगाने किरकोळ, साडी कायम फिक्या रंगाची आणि खांद्याला पिन लावलेली, चालणं असं की मुलांना त्यांच्या मागे पळावं लागे. हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. शिकवताना त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या, इतकी स्वच्छ की मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, भाषणं त्यांच्याकडून तपासून घेत. पण हजेरीला बसल्या की भाषा घरची व्हायची. ‘काय खाल्लं गा?’ ‘तू सांग वं, काय खाल्लं?’ मी एकदा या बदलाचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “पुस्तकातल्या भाषेत विचारलं की पोरं पुस्तकातलंच उत्तर देतात. दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या.”

हजेरी संपली की दुसरा कार्यक्रम असे. बाईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात स्टीलचा एक मोठा डबा होता आणि त्यात फुटाणे असत. बाई एका मुलाला किंवा मुलीला हाक मारून सांगायच्या, “फुटाणे सादळले का पाहून ये.” मूल कपाटामागे जायचं. तिथे ते कुणाला दिसत नसे, फक्त कुरकुर ऐकू येई. थोड्या वेळाने ते येऊन सांगायचं, “चांगले आहेत, बाई.” मग बाईंचं ठरलेलं वाक्य येई. “वरचे चांगलेच राहतात. खालचे पाहजो.” मूल परत कपाटामागे. दुसऱ्या फेरीला जरा जास्त वेळ लागे.

या कामाचा वर्गात मोठा मान होता. आज आपल्याला बोलावतील म्हणून मुलं ताठ बसायची. मला सुरुवातीला वाटलं, बाईंना साठवणीच्या जिनसांची काळजी फार. ते पावसाळ्यात पटण्यासारखं होतं. पण एप्रिल महिन्यात, जेव्हा आमच्या गावी ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो, तेव्हाही रोज फुटाणे सादळायची भीती बाळगणारी बाई पाहून मला शंका आली. मी आठवडाभर लक्ष ठेवलं. हजेरीला जे मूल नजर चुकवून बोलायचं, किंवा ज्याचा आवाज खाली गेलेला असायचा, त्याच्या वाट्याला बहुतेक ते काम येई. दोन-तीन दिवसांआड बाई एखाद्या गुटगुटीत पोरालाही बोलवायच्या, अगदी बिर्याणी खाऊन आलो म्हणणाऱ्यालाही. त्यामुळे कपाटामागे कोण का गेलं हे वर्गाला कधी कळलं नाही. मला कळलं, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. हाच अभिमान पुढे नडला.

बाई हे सगळं का करतात, असं मी एकदा सरळच विचारलं. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्या घरी माग होता, सर. बाबा धोटा फेकत राहायचे आन् आम्ही भावंडं कांड्या भरत राहायचो. जेवलास का असं कोणी कोणाले विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागते ना.” आणि मग पुस्तकी भाषेत, “चौथीच्या वह्या झाल्या का तुमच्या?” माझ्या वह्या झाल्या नव्हत्या. विषय तिथेच संपला.

त्या वर्षी जानेवारीत मोठ्या सरांनी आनंद सप्ताह काढला. सोमवारी आरोग्य तपासणी, मंगळवारी चित्रकला, बुधवारी मैदानी खेळ, गुरुवारी पोषण दिवस, शुक्रवारी केंद्रप्रमुख साहेबांची भेट आणि शनिवारी स्नेहसंमेलन. शाळेच्या फाटकावर ‘मुलांचा आनंद, हाच आमचा ध्यास’ असा फलक लागला. मुलांच्या आनंदासाठी शिक्षकांनी किती ओरडावं, याला त्या आठवड्यात काही सुमार राहिला नाही. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पाच लिंबं हरवली, नाचाच्या तालमीत दोन मुली रुसल्या, आणि पेटीवर बसणारे सर घसा बसला म्हणून गरम पाणी पीत हिंडत होते. प्रत्येक उपक्रमाचे फोटो दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपवर पडले पाहिजेत, हा मोठ्या सरांचा हुकूम. नवा आणि मोबाईल बरा चालवणारा म्हणून सप्ताहाची सूत्रं माझ्याकडे आली होती. मीही हुरळून गेलो होतो. सकाळी साडेसहाला येऊन पताका बांधत होतो.

आरोग्य तपासणी एका दिवसात आटपली नाही, ती बुधवारपर्यंत लांबली. वजन-उंचीचं काम नाश्तावाल्या बाईंकडे होतं, कारण त्यांच्यासमोर मुलं स्थिर उभी राहत. त्यांची तिथेही एक तऱ्हा होती. वजनकाट्यावर मूल पाठमोरं उभं करायचं. “आकड्याकडे नाही, माझ्याकडे पाहा,” म्हणायच्या, आणि आकडा मनात वाचून वहीत लिहायच्या. डॉक्टरांसोबत आलेल्या परिचारिकेने एकदा एका मुलीचं वजन मोठ्याने सांगितलं, तर बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पुढे तपासणी संपेपर्यंत तिने आकडे कुजबुजत सांगितले. मी ते पाहिलं होतं. पाहून काही शिकलो असतो तर पुढचं सांगायची पाळी आली नसती.

ते तीन दिवस बाईंचा तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. पोषण दिवसासाठी काय करावं याचा विचार करत मी हजेरी घ्यायला बसलो आणि मुलं सवयीने एकेक करून नाश्ता सांगू लागली. मला वाटलं, अरे, हा तर तयार उपक्रम आहे. मी मोठा पांढरा तक्ता आणला. वर ‘माझा नाश्ता’ असं रंगीत अक्षरांत लिहिलं, खाली चाळीस नावं आणि प्रत्येक नावापुढे तीन दिवसांचे तीन चौकोन. टिकल्यांची पाकिटं आणली. पोहे, उपमा, पोळी-भाजी असेल तर हिरवी टिकली. चहा-टोस्ट असेल तर पिवळी. काहीच खाल्लं नसेल तर लाल. प्रत्येकाच्या उत्तराला वर्गाने टाळ्या वाजवायच्या, म्हणजे वातावरण आनंदी राहतं. हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं होतं आणि मी स्वतःवर खूश होतो.

वर्गात रोशनी नावाची मुलगी होती. हुडकेश्वरकडून यायची, दोन घट्ट वेण्या, बोलायला कमी. तिची आई एका तर्री पोह्याच्या ठेल्यावर कामाला होती. पहाटे उठून कांदे चिरायला आणि पोहे भिजवायला जायची आणि दहा-अकराला परतायची. रोशनी हजेरीला वर्षभर एकच उत्तर द्यायची. ‘तर्री पोहे, बाई.’ बाई वर्षभर मान हलवत आल्या होत्या. सोमवारी तिने मला तेच सांगितलं, मी हिरवी टिकली लावली. मंगळवारी तेच, पुन्हा हिरवी. बुधवारी तिने पुन्हा ‘तर्री पोहे’ म्हटलं आणि माझ्यातला हुशार मास्तर जागा झाला. ही मुलगी कपाटामागे वारंवार जाते हे मला माहीत होतं. तक्ता खरा झाला पाहिजे, असं मला वाटलं.

मी म्हणालो, “रोशनी, रोज रोज तर्री पोहे कसे गं? घाबरायचं नाही. खरं सांग.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “काही नाही, सर.”

“शाब्बास,” मी म्हणालो. “खरं बोलायला धाडस लागतं. टाळ्या वाजवा रे रोशनीसाठी.”

एकोणचाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या नावापुढे लाल टिकली लावली आणि तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तीस वर्षांची माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

गुरुवारी बाई वर्गात परतल्या. मी तक्ता फळ्याशेजारी टांगून त्यांची वाट पाहत होतो. थोडं कौतुक होईल, असंही मनात होतं. बाईंनी हजेरी घेतली. रोशनीच्या नावाला उत्तर आलं नाही. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग तक्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुलांना चित्र काढायला लावून त्या मला व्हरांड्यात घेऊन आल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “सर, आज सकाळी काय खाल्लं तुम्ही?”

“उपमा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तशीच, रोजच्यासारखी. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उपमा खाल्लेला नव्हता. साडेसहाला पताका बांधायला आलो तेव्हापासून पोटात अर्धा कप चहा होता. खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं. पण कुणी असं विचारलं की माणूस काहीतरी चांगलं सांगून मोकळा होतो.

“आता टिकली लावू का?” बाई म्हणाल्या. “मोठ्या सरांना बोलावते. ते टाळ्या वाजवतील.”

मला इतकी लाज वाटली की मी खाली मान घालून पताकांची दोरी गुंडाळत बसलो. बाईंचा आवाज चढला नव्हता. त्या म्हणाल्या, “पोरगी खोटं बोलते हे मले माहीत नव्हतं का? वर्षभर बोलून राहिली. उपाशी लेकराले खोटं बोलायची सोय ठेवा लागते, सर. तेवढीच त्याची इज्जत राहते. मी फक्त आवाज ऐकतो. काय खाल्लं ते कोण ऐकते?” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘ऐकतो’, ‘जातो’ असंच बोलतात, पण बाईंच्या तोंडून शाळेच्या व्हरांड्यात ते मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा त्या किती रागावल्या आहेत हे मला कळलं.

मग त्या वर्गात गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, “तक्त्यावरच्या टिकल्या काढा आणि ज्याने त्याने कपाळाला लावा. मुलांनीसुद्धा.” पाच मिनिटांत तक्ता मोकळा झाला. तीन-तीन टिकल्या लावून मुलं दिवसभर हिंडली, शुक्रवारीही घरून लावून आली. केंद्रप्रमुख साहेब तिसरीत शिरले तेव्हा समोर हिरवी-पिवळी कपाळं आणि भिंतीवर नुसती नावं असलेला तक्ता. “हा कोणता उपक्रम?” त्यांनी विचारलं. “पोषणाचा,” बाई म्हणाल्या. साहेबांनी तक्ता पाहिला, मुलं पाहिली, आणि भेटीच्या वहीत ‘नावीन्यपूर्ण’ असा शेरा लिहिला. मोठे सर तो शेरा पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

रोशनी शुक्रवारीही आली नाही. शनिवारच्या स्नेहसंमेलनाच्या नाचात तिचं नाव होतं. नाच बसवणाऱ्या मॅडम दुसरी मुलगी उभी करायच्या गोष्टी करत होत्या. मला नाचाचं काही नव्हतं. एखाद्या मुलीची शाळा कशी हळूहळू सुटत जाते, हे मी दोन वर्षांत पाहिलेलं होतं. आज पोट दुखतं, उद्या पाहुणे आले, आणि मग एके दिवशी नाव फक्त हजेरीपटावर उरतं. तसं झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं. मला त्या दोन दिवसांत जेवण जात नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई फुटाण्यांचा डबा घेऊन माझ्या मोटारसायकलीजवळ येऊन उभ्या राहिल्या. “चला,” म्हणाल्या. डबा मांडीवर धरून मागे बसल्या. वाटेत मी म्हणालो, “बाई, मी तिची माफी मागतो.”

“नका मागू.”

“का?”

“माफी मागितली की तिले पुन्हा तेच आठवा लागते. आन् वरून तुमचं समाधानही तिनंच करावं. आठ वर्षांच्या पोरीनं. तिले काम सांगा.”

हुडकेश्वरच्या पुढे, नव्या लेआउटच्या शेवटी त्यांची खोली होती. रोशनीची आई दारातच कपडे पिळत होती. बाईंना पाहून तिने हात पुसले, मला पाहून पदर सावरला आणि चेहरा घट्ट केला. “या, बाई,” ती म्हणाली. आत मात्र बोलावलं नाही.

“पोरगी काहून येऊन नाही राहिली?” बाईंनी विचारलं.

“काल ती आपल्या मनानंच घरी राहिली, बाई. आन् तिकडे ठेल्यावर एक गिऱ्हाईक आलं. त्याचा पोरगा तुमच्याच शाळेत आहे. पोहे खाता खाता मले मोबाईल दाखवला. म्हणे, ही तुमची रोशनी ना? हिच्यासमोर लाल काहून आहे?” तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण बोलत होती ती माझ्याशीच. “माह्या हातचे पोहे खाऊन राहिला होता तो. मी रात्रीची पोळी झाकून जातो, बाई. गूळही ठेवतो. पोरगी एकटीनं नाही खात. म्हणते, तुह्याशिवाय घास नाही उतरत. तर मी काय करू? ठेला सोडू?”

बाईंनी उंबरठ्याशी डबा ठेवला आणि आत हाक मारली, “रोशनी, फुटाणे पाहायचे राहिले वं. दोन दिवसांचे. वर्गात कोणाले समजून नाही राहिलं.”

आतल्या पडद्याआडून रोशनी बाहेर आली. ती डब्याकडे आली नाही. भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत उभी राहिली. बाईंनी मला कोपराने ढोसलं. काम सांगा, म्हणाल्या होत्या. माझ्याकडे सांगायला एकच काम होतं.

“रोशनी, तुझी हजेरी राहिली,” मी म्हणालो. “आज काय खाल्लं?”

तिने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी बाईंसारखं विचारतोय की पुन्हा तसलंच काही, याचा ती अंदाज घेत असावी. दोरीवरच्या कपड्यांचं पाणी टपटपत होतं.

“तर्री पोहे,” ती म्हणाली.

मी मान हलवली. केकाला हलवतात तशी. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

मग ती डब्याजवळ बसली, झाकण काढलं आणि मूठ भरली. तिची आई दाराची चौकट धरून पाहत होती. रोशनी म्हणाली, “चांगले आहेत.” बाई म्हणाल्या, “वरचे चांगलेच राहतात. खालचे पाहजो. आन् आईलेही विचार, तिले जास्त समजते.” दोघी मायलेकींनी मग खालचे फुटाणे पाहिले. आम्ही डबा तिथेच विसरून आलो. शनिवारी सकाळी रोशनी तो घेऊन शाळेत आली. नाचात तिचं पाऊल दोनदा चुकलं, आणि मी ग्रुपवर एकही फोटो टाकला नाही. मोठे सर रागावले. सोमवारपासून रोशनीची आई सकाळी निघताना तिला उठवून, जवळ बसवून पोळी खाऊ घालू लागली, असं पुढे कानावर आलं. खरं-खोटं मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मोठ्या सरांनी बाईंनीच तपासलेलं भाषण वाचलं. बाईंनी उत्तरादाखल चारच वाक्यं म्हटली आणि खाली बसल्या. निघताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर माझी बदली झाली, तो डबाही माझ्याबरोबर आला. माझ्या वर्गात कुणी ‘हजर’ म्हणत नाही. आमच्या आताच्या मुख्याध्यापिका बाईंना यात वेळ जातो असं वाटतं, आणि वेळ जातोच.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या पुतण्याचा फोन आला. बाई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होत्या. पोटाचा आजार होता आणि बराच पुढे गेलेला. पुतण्याने जिन्यातच सांगितलं, “आठ दिवसांपासून तोंडानं काहीच नाही, सर. नळीवर आहे.” तरी माझ्या पिशवीत फुटाणे होते. बाईंकडे दुसरं काय नेतात, हे मला माहीत नव्हतं.

मोठी खोली होती, सहा खाटांची. बाई मुळात किरकोळ, आता चादरीत उरल्यासुरल्या. नाकात नळी. त्यांनी मला ओळखलं आणि डोळ्यांनीच बसायला सांगितलं. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडणं शोभलं नसतं. म्हणून जे रोज विचारतो तेच तोंडून निघालं.

“बाई, आज काय खाल्लं?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी खोल गेला होता.

“तर्री पोहे.”

मी मान हलवली.

मग मी पिशवीतून पुडी काढली आणि म्हणालो, “फुटाणे आणलेत. सादळले का पाहता?”

बाईंनी दोन दाणे तळहातावर घेतले, बोटांनी चाचपले आणि परत दिले. मग मान किंचित वळवून शेजारच्या खाटेकडे नजर नेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ झोपले होते आणि त्यांच्या पायाशी स्टुलावर त्यांची सून बसली होती. केस विसकटलेले, मांडीवर रिकामी बाटली. पुतण्या म्हणाला, ती उमरेडहून काल सायंकाळी आली तेव्हापासून जागची हललेली नाही.

“मले चव नाही समजत आता,” बाई म्हणाल्या. “तिले विचारा.”

मी उठून त्या सुनेसमोर पुडी धरली. “ताई, जरा पाहता का, हे सादळले की काय? आम्हाला समजून नाही राहिलं.”

ती गोंधळली. मग चार दाणे उचलून तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाली, “नाही दादा. चांगले आहेत.”

मी मागे वळून पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते, पण कान इकडेच असावेत.

“वरचे चांगलेच राहतात,” मी म्हणालो. “खालचे पाहून घ्या.”